नसलेल्या गोष्टीची दुरुस्ती

"जी गोष्ट मुळात नाहीच, ती मी दुरुस्त कशी करायची? तेवढं सांगा फक्त."

"युर्गेनसेनबाई, मला शब्दांत पकडू नका. एवढे जिने चढून आलोय, आधी दम खाऊ द्या."

"खा की. पण तुम्हीच म्हणालात ना, अंगठीवरून माणसाचं जगणं-मरणं कळतं ही अंधश्रद्धा आहे म्हणून?"

"मी नाही, सरकार म्हणतं. आणि बरोबर म्हणतं."

"मग लोरेन्सेनबाईला मी जे सांगितलं, ते काहीच नव्हतं. झालं की मग. काहीच नसलेलं पुन्हा कशाला सांगू?"

"कारण पहिल्या खेपेला तुम्ही ते चुकीचं सांगितलंत."

मी मागच्या खोलीत सलगम सोलत बसले होते, मधलं दार उघडंच होतं. एरवी अशा वाक्यावर मी तोंडात एप्रन कोंबून हसले असते. पण हसायलाही अंगात थोडी धुगधुगी लागते, आणि त्या वसंतात आमच्या जिन्यावर ती कुणाच्याच अंगात उरली नव्हती. आस्मुसेनसाहेबांच्याही नाही.

हे आस्मुसेन पूर्वी गॅसचे मीटर वाचायला घरोघर यायचे. तेव्हाही असेच धापा टाकत यायचे, आकडा टिपून घ्यायचे आणि हवापाण्याबद्दल दोन शब्द बोलून जायचे. आता ते आमच्या गल्लीत सत्ताधारी पक्षाचे प्रमुख होते. घरोघर तसेच यायचे, फक्त आता मीटरऐवजी माणसांकडे बघायचे: कोण काय शिजवतंय, कोणाच्या रेडिओचा आवाज फार बारीक आहे, झेंड्याच्या दिवशी कोणाच्या खिडकीत झेंडा नाही. माणूस दुष्ट होता असं मी म्हणणार नाही. गुडघे दुखायचे त्यांचे.

टेल्से युर्गेनसेन आमच्या मजल्यावर पुढच्या खोलीत राहायची, मी मागच्या, आणि मधली चूल दोघींची. खाली रमचं जुनं गोदाम होतं. पिंपं केव्हाच रिकामी झाली होती, पण उकाडा वाढला की जिन्यातल्या लाकडाला अजून वास सुटायचा. फ्लेन्सबुर्गच्या बंदरातून येणारे खलाशी टेल्सेकडे शर्टाच्या कॉलरी उलटवून घ्यायला यायचे, त्यांच्या बायका झगे सैल-घट्ट करायला. लढाई लागल्यावर बायकांना झगे घट्टच करायचे असायचे. आणि झगा घट्ट करून झाला की त्यातली एखादी दार लोटून घ्यायची, पर्समधून फोटो काढायची आणि बोटातली अंगठी.

फोटो टेबलावर उताणा ठेवायचा. अंगठी दोऱ्याला बांधून त्यावर धरायची. कोपर टेकवायचं नाही, श्वास धरायचा नाही, काही मागायचं नाही. अंगठी गोल फिरली तर माणूस जिवंत. सरळ रेषेत झुलली तर गेला. हललीच नाही, तर अंगठीला ठाऊक नाही, आणि तसं सांगायलाही टेल्से कचरत नसे. अंगठी मात्र रक्ताच्या किंवा शेजेच्या माणसाची हवी: बायकोची, आईची. उसनी चालत नाही. हे तिला आजीने शिकवलं होतं, पश्चिमेकडच्या दलदलीच्या मुलखात, जिथे दर हिवाळ्यात समुद्र दोन-चार नावा ठेवून घ्यायचा आणि कळवायचा नाही.

टेल्सेने स्वतःसाठी अंगठी एकदाच धरली होती. पहिल्या लढाईत, नवऱ्यासाठी. गोल फिरली. नवरा परतही आला, आणि पुढच्या हिवाळ्यात न्यूमोनियाने स्वतःच्या पलंगावर गेला. "तिने खोटं नाही सांगितलं," टेल्से म्हणायची. "जिवंत आहे का एवढंच मी विचारलं होतं. किती दिवस, ते विचारायचं सुचलंच नाही."

दोन वर्षांपूर्वी वरच्या फळीतला एक बडा नेता विमान घेऊन थेट शत्रूच्या देशात उडून गेला. का गेला ते लोकांना काय सांगायचं हे कुणाला सुचेना, तेव्हा खापर फुटलं ज्योतिषांवर. त्यांनीच त्याचं डोकं फिरवलं म्हणे. महिन्याभरात देशातले कुंडलीवाले, पत्तेवाले, हात बघणारे सगळे उचलले गेले. आमच्याकडे दोन कोटवाले आले. टेल्सेचा पितळी ओळंबा घेतला, पत्त्यांचा जोड घेतला, स्वप्नांचे अर्थ सांगणारं पुस्तक घेतलं. भिंतीवरचं शेतकऱ्यांचं कॅलेंडरही काढलं, कारण त्यात चंद्राच्या राशी होत्या. मग एकाच्या लक्षात आलं की गुरांच्या बाजाराचे वारही त्यातच आहेत, तेव्हा परत खिळ्याला अडकवलं. पुन्हा असलं काही करणार नाही, असं तिच्याकडून लिहून घेतलं आणि तिला चार रात्री कोठडीत ठेवून सोडलं. पण शिवणकाम करणाऱ्या विधवेच्या घरातून दोरा आणि अंगठी कशी जप्त करणार? ती राहिली.

आणि आता हे गेशे लोरेन्सेनचं प्रकरण.

गेशे समोरच्या घरात राहायची. मासे धुरावर धरायच्या कारखान्यात वाम साफ करून करून तिचे हात कोपरापर्यंत पिवळे पडले होते. नवरा केव्हाच बुडालेला, मुलगा एकच, ब्रोडर. तो पूर्वेला होता, व्होल्गाच्या काठी. हिवाळ्यात तिथे आपली अख्खी फौज वेढ्यात अडकून संपली, ते सगळ्या जगाला कळलं. गेशेला एवढंच कळलं की ब्रोडर बेपत्ता आहे. मग ती टेल्सेकडे आली. दोघी एकाच वर्षी एकाच चर्चमध्ये पांढरे झगे घालून लग्नाला उभ्या राहिलेल्या, त्यामुळे दार लोटून घ्यायची गरज नव्हती. टेल्सेने अंगठी धरली आणि ती झुलली. सरळ, एकाच रेषेत, पुन्हा पुन्हा, अशी की बघणाऱ्याला शंकेला जागा नको.

गेशे रडली नाही. घरी गेली आणि तिच्याकडे असलेला एकुलता एक तपकिरी कोट तिने कपडे उकळायच्या हंड्यात घालून काळा रंगवला.

तेच आस्मुसेनसाहेबांना खुपत होतं.

"बेपत्ता म्हणजे मेलेला नाही," ते टेल्सेला समजावत होते. "सरकारने मेला म्हणून कळवलंय का? नाही. मग ही बाई दुखवटा कुणाच्या परवानगीने धरते? या गल्लीत अजून चार घरांत मुलगे बेपत्ता आहेत. काल हान्सेनबाईने फोटोला काळी फीत लावली. उद्या तिसरी लावेल. आणि मला वरून विचारणा होते, की आस्मुसेन, तुमच्याच गल्लीत एवढी माणसं कशी मेली?"

"मेली असतील म्हणून."

"हे वाक्य मी ऐकलं नाही."

"बरं."

"तुम्ही तिला बोलवा. अंगठी पुन्हा धरा. ती गोल फिरेल. ती बाई काळा कोट काढेल. संपलं."

"फिरेल का नाही, ते आत्ताच कसं सांगू?"

"युर्गेनसेनबाई." आस्मुसेन उठल्याचा आवाज आला, खुर्ची आणि गुडघे दोन्ही करकरले. "तुम्ही कागदावर सही केलेली आहे. मी वर कळवलं तर या वेळी चार रात्रींवर भागणार नाही. मला कळवायचं नाहीये. मला कुणाला काहीच कळवायचं नाहीये, मला घरी जाऊन पाय गरम पाण्यात ठेवायचेत. रविवारी मी येतो. तोवर ती बाई मला तपकिरी दिसली पाहिजे."

 टेल्सेने त्यांना अगदी साधेपणाने विचारलं, की एका खलाशाची बायको सांगून गेली ते खरं का, बर्लिनमध्ये नौदलाचे अधिकारी समुद्राच्या नकाशावर ओळंबा धरून बसतात आणि इंग्रजांची जहाजं शोधतात म्हणून?

"असलं तर ते वेगळं," आस्मुसेन दारातून म्हणाले. "ते संशोधन आहे."

ते गेल्यावर मी सलगमांची परात घेऊन पुढच्या खोलीत गेले. म्हटलं, काय बिघडतं तुझं? एकदा गोल फिरव. तुझा हात, तुझा दोरा. गेशेलाही जरा आधार वाटेल.

टेल्सेने मान वर केली. तिचा चेहरा मुळातच लांबट, त्या दिवशी तो उसवलेल्या कापडासारखा झाला होता. ती म्हणाली, "आन्के, या गावात मला सगळ्यांनी सगळं म्हटलंय. पाद्री मला सैतानाची म्हणतो, डॉक्टर येडी म्हणतो, हे लोक देशद्रोही म्हणतात. पण अंगठी हलवते असं अजून कुणी म्हटलेलं नाही. तेवढं एक माझ्याकडे आहे."

मग ती लष्कराच्या अंगरख्यांना बाह्या लावायला बसली. त्या वर्षी तिच्याकडे तेच काम होतं. पूर्वेकडून आलेले अंगरखे धुऊन, भोकांना ठिगळं लावून पुन्हा पूर्वेकडे पाठवायचे. ठिगळ कुठे लावायचंय हे बघताना ती डोळे बारीक करायची.

दुसऱ्या दिवशी दुपारी तिच्या हातून टाचण्यांची डबी सांडली. मी चुलीवर सातूची कॉफी ठेवत होते. टाचण्या सांडल्याचा आवाज आला, मग टेल्सेने खण ओढल्याचा, आणि मग काहीच आवाज नाही. बराच वेळ काहीच ऐकू येईना, तेव्हा मी डोकावले.

टेबलाचा खण उघडा होता. टाचण्या गोळा करायला शिवणवाल्या ठेवतात तसा घोड्याच्या नालासारखा लोहचुंबक तिच्याकडे होता, चांगला जाडजूड, बापाच्या वेळचा. तो ती नेहमी त्या खणात टाकून ठेवायची. आत्ता तिने तो टेबलाच्या फळीला खालून लावून धरला होता आणि फळीवर तिचं शिवताना बोटात घालायचं पोलादी अंगुस्तान कुणी न ढकलता हळूहळू सरकत होतं.

"आन्के," ती म्हणाली, "गेशेची अंगठी सोन्याची आहे ना?"

"कुठली सोन्याची? तिची कैसरने नेली की."

ते आमच्या पिढीतल्या प्रत्येकीला माहीत होतं. पहिल्या लढाईत बायकांनी देशासाठी सोनं द्यायचं होतं. देणाऱ्यांना बदल्यात लोखंडाची अंगठी मिळायची, त्यावर सोनं दिल्याचं कोरलेलं असायचं. मी माझी लपवून ठेवली, टेल्सेनेही. गेशेने दिली. गेशे असं काही मागितलं की द्यायचीच, म्हणून तर आयुष्यभर वामच साफ करत राहिली. नवरा बुडाल्यावरही तिने ती लोखंडी अंगठी बोटातून काढली नाही. इतकी झिजून काळी झाली होती की बघणाऱ्याला जुनं सोनंच वाटावं.

टेल्सेने माझ्याकडे खोलीची किल्ली मागितली. दोऱ्याला बांधली, चुंबक खणात होता तसा ठेवला आणि किल्ली टेबलावर धरली. किल्ली एकदा डचमळली आणि झुलू लागली. सरळ, एकाच रेषेत, खणाच्या दिशेने आणि परत. खाली फोटो नव्हता. किल्ली कुणाची आई नव्हती.

मग तिने स्वतःची सोन्याची अंगठी काढून तशीच धरली. ती ढिम्म हलली नाही.

आम्ही दोघी तिथे बसून राहिलो. कॉफी उतू गेली, ते दोघींनाही कळलं, पण उठलं कुणीच नाही.

मला वाटलं होतं तिला सुटल्यासारखं होईल. झालं उलटंच. ती म्हणाली, इतकी वर्षं या टेबलावर सगळ्या सोनंच घेऊन आल्या. लोखंड घेऊन आली ती एकटी गेशे, आणि तिलाच मी मुलगा मेला म्हणून सांगितलं. आता मला तिला बोलवायलाच हवं. आणि बोलवून नेमकं काय सांगणार, तर आस्मुसेनला हवं तेच.

"खरं तेच सांगणार आहेस ना?" मी म्हटलं.

"हो. पण त्याने हुकूम सोडल्यानंतर सांगणार आहे."

तिने चुंबक कागदात गुंडाळून माझ्याकडे दिला आणि माझ्या खोलीत, पलंगाखाली, लांब ठेवायला सांगितलं.

शनिवारी कामावरून सुटल्यावर गेशे आली. अंगावर तो कोट. घरी रंगवलेला, त्यामुळे काळा सगळीकडे सारखा बसला नव्हता, खांद्यांवर अजून जुना तपकिरी डोकावत होता आणि गळ्यापाशी तिच्या कातडीलाही रंग लागला होता. मी जायला निघाले तर म्हणाली, बस गं आन्के, आता कसलं गुपित. मी चुलीपाशीच राहिले.

ती थकलेली होती, पण पूर्वीसारखी नाही. हिवाळ्यात ती यायची तेव्हा अर्धं लक्ष जिन्याकडे असायचं, पोस्टमनच्या बुटांकडे. आता ती खुर्चीत बसली आणि पूर्ण बसली. सांगत होती, ब्रोडरच्या पलंगावर आता कील शहरातून आलेली एक पोरवाली बाई झोपते, बॉम्बमध्ये घर गेलेली. त्याचे बूट तिच्या थोरल्याला होतात, थोडा चिंध्यांचा बोळा घालावा लागतो. आणि मला झोप लागते, टेल्से, ती म्हणाली. पहाटेपर्यंत. कारखान्यात उभ्या उभ्या डुलक्या यायच्या ते थांबलं.

टेल्सेने तिला सगळं सांगितलं. काही लपवलं नाही, काही मऊ केलं नाही. चुंबक, खण, लोखंड. अंगुस्तान कसं सरकलं, किल्ली कशी झुलली. ती म्हणाली, त्या दिवशी तुला ब्रोडरबद्दल काहीच कळलं नाही गेशे, माझ्या खणात काय पडलंय तेवढं कळलं. चूक माझी. आता चुंबक इथे नाहीये. अंगठी दे, मी पुन्हा धरते.

गेशे हातावर हात ठेवून बसली होती, अंगठीवरच हात होता.

"आस्मुसेन आला होता ना तुझ्याकडे?"

"आला होता."

"मलाही भेटला. म्हणाला, कोट छान आहे, पण वसंतात जड होईल."

"हे त्याच्या सांगण्यावरून नाही, गेशे."

"त्याच्या सांगण्यावरून असतं, तर तू काय वेगळं सांगितलं असतंस?"

टेल्सेने विचार केला. "नाही," ती म्हणाली. "हेच सांगितलं असतं."

गेशेने मान हलवली. राग नव्हता तिच्या चेहऱ्यावर. हिशेब जुळत नाही हे कळल्यावर माणूस वही मिटतो, तसं काहीतरी होतं. मग तिने अंगठी काढायला घेतली. कामाने बोटं सुजलेली, अंगठी निघेना. मी थोडं साबणाचं पाणी दिलं. निघाल्यावर बोटावर एक पांढरी रेघ राहिली, तिच्या हातावरची तेवढीच जागा पिवळी नव्हती.

फोटोत ब्रोडर टोपी थोडी तिरकी घालून उभा होता, कुणी ती सरळ करायला सांगायच्या आतच फोटो घेतल्यासारखा.

टेल्सेने दोरा बांधला आणि हात वर धरला. अंगठी फोटोवर थोडी थरथरली आणि स्थिर झाली. टेल्सेचं मनगट मी पाहत होते, गेशेही तेच पाहत होती. अंगठीकडे तिघींतलं कुणीच पाहत नव्हतं. खाली रस्त्यावर कुणीतरी हातगाडी ओढत नेत होतं, तिचं चाक कुरकुरत लांब गेलं. मग दोऱ्यात किंचित काहीतरी आलं. टेल्सेचे खांदे उचलले गेले. अंगठी हलायला लागली होती. इतकी कमी, की गोल जातेय का सरळ ते अजून ठरायचं होतं.

गेशेने हात पुढे केला आणि अंगठी मुठीत धरली.

"राहू दे," ती म्हणाली.

"अगं, थांब ना. ती सांगतेय."

"माहितीये."

"कदाचित आहे तो. गेशे, कदाचित खरंच आहे."

गेशेने मुठीतला दोरा दाताने तोडला. अंगठी बोटात घातली, साबणामुळे ती सहज गेली. फोटो उचलून कोटाच्या आतल्या खिशात ठेवला आणि बटणं लावू लागली, वरून खाली, एकेक. टेल्से उभी राहिली होती. तिच्या हातात नुसता दोरा लोंबत होता आणि तिला तो खाली ठेवायचं भान नव्हतं. उद्या रविवार आहे, हे तिला माहीत होतं, मला माहीत होतं, गेशेलाही माहीत असणार.

"तो येईल उद्या," टेल्से म्हणाली. "त्याला काय सांगायचं ते मी बघीन, त्याचं राहू दे. पण मला एवढं सांग. तुला कळायला नको आहे का?"

गेशेने शेवटचं बटण लावलं. दारापाशी तिने माझ्याकडे बघून मान लववली, शेजारणीला लववतात तशी. मग तिची पावलं जिन्यावरून खाली जाताना ऐकू आली, न थांबणारी, न घाई करणारी. मधल्या मजल्यावर आस्मुसेनसाहेबांचा आवाज आला, त्यांना रविवारपर्यंत दम निघाला नसावा. "लोरेन्सेनबाई, काय मग, आता हलका कोट ना?" त्यांनी विचारलं. पावलं त्यांच्या शेजारून तशीच पुढे गेली, आणि खालचं दार उघडून लागल्याचा आवाज आला.